वजनाच्या वहीतून उभा राहिलेला कॅम्पर

हे प्रकरण एका बाईनं स्वतः बांधलेल्या ट्रक कॅम्परचं, म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायच्या छोट्या घराचं आहे. वय पन्नाशीच्या पुढे, सुतारकामाचा हात चांगला, वेल्डिंगचा अनुभव नाही. नोकरी सोडून दोन-तीन वर्षं तरी एकटीनं गाडीतच राहायचं, ऋतू बदलेल तसं सरकत राहायचं आणि डांबर संपलं म्हणून परत फिरायचं नाही, एवढी तिची गरज. नाव नको असं तिनंच सांगितलं, म्हणून इथे ती 'मालकीण'. माझ्याकडे ती आराखडा तपासून घ्यायला आली आणि पुढे वजनांचा सगळा हिशोब आम्ही मिळून केला. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून इथे ते थोडे गोल केले आहेत.

आराखडा देखणा होता. खिडक्या कुठे, कपाटं कुठे, झोपल्यावर आकाश कुठून दिसेल, सगळं काढलेलं. फक्त एकाही वस्तूपुढे वजन लिहिलेलं नव्हतं. घरी कॅम्पर बांधणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, कारण वजन चित्रात दिसत नाही. कॅम्पर तयार झाल्यावर ते वजनकाट्यावर दिसतं आणि तोवर लाकूड कापून झालेलं असतं.

गाडी किती उचलते

गाडी जुनी पिकअप, सिंगल केबिन, चारही चाकांना ड्राइव्ह, मागे पाट्यांचं सस्पेन्शन. हौद्याची लांबी सुमारे २.३ मीटर आणि चाकांवरच्या फुगवट्यांमधली रुंदी १.१ मीटर. कंपनीनं ठरवून दिलेलं भरल्या गाडीचं कमाल वजन २९५० किलो. माहितीपत्रकातलं रिकाम्या गाडीचं वजन मी धरलं नाही. ते वजन कोणी चालकासह मोजतं, कोणी चालकाशिवाय, आणि नंतर बसवलेला पुढचा दणकट बंपर त्यात नसतोच. टाकी पूर्ण भरून, चालक खाली उतरवून गाडी काट्यावर घातली. भरली १९९० किलो. उरले ९६०.

हे सगळे ९६० वापरायचे नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरवलं. खडबडीत रस्त्यावर पाटे आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांच्यावर येणारा क्षणिक भार उभ्या वजनापेक्षा बराच जास्त असतो. शिवाय दीर्घ प्रवासात सामान वाढत जातं, कमी होत नाही. म्हणून १५ टक्के बाजूला ठेवून हातात ८१५ किलो धरले.

मग उलटा हिशोब केला. आधी माणूस आणि सामान, उरेल ते घराला. मालकीण आणि केबिनमधलं तिचं चिल्लर सामान ७५ किलो. हत्यारं, सुटे भाग, गाडी रुतली तर काढायचे पट्टे आणि फळ्या ६०. साठ लिटर पाणी टाकीसह ६५. स्वयंपाकाचं सामान, शेगडी, गॅस आणि शिधा ५०. कपडे, अंथरूण, पुस्तकं, संगणक ५५. बॅटरी, सोलर पॅनेल, चार्जर, वायरी ४०. फ्रिज आतल्या जिनसांसह ३०. शौचाची सोय १०. बेरीज ३८५. म्हणजे भिंती, छप्पर, दार, खिडक्या, कपाटं, गादी मिळून कॅम्पर ४३० किलोंत बसवायचा होता.

तिच्या पहिल्या आराखड्याचं वजन मांडलं तर ते ७२७ निघालं.

एवढं कशानं, हा तिचा प्रश्न रास्त होता. बाहेरून १८ मिलिमीटर प्लाय काढला होता. प्लायची घनता घनमीटरला ६०० किलोच्या आसपास धरली, तर असा प्लाय चौरस मीटरला जवळपास ११ किलो भरतो. कॅम्परचा सगळा पृष्ठभाग २८ चौरस मीटर, म्हणजे नुसता प्लायच ३०० किलोंच्या वर गेला. त्यावर १ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा ७६, आतलं पातळ प्लायचं अस्तर ६७, लाकडी चौकट ९०, बारा मिलिमीटर प्लायची कपाटं १००. दारं-खिडक्या, इन्सुलेशन आणि दोघांना पुरेल अशी गादी त्याहून वेगळी.

या टप्प्यावर बरेच जण जादा पाटा टाकायचा किंवा मागे हवेच्या पिशव्या बसवायच्या असं ठरवतात. मालकिणीलाही गॅरेजमध्ये तोच सल्ला मिळाला होता. जादा पाट्यानं गाडीची बसलेली पाठ वर येते, एवढंच. ॲक्सल (चाकांच्या जोडीला धरणारा आस), बेअरिंग, ब्रेक, टायर, चासी आहेत तेच राहतात आणि कमाल वजनाचा आकडाही तोच राहतो. उलट हवेच्या पिशव्या चासीला जिथे टेकतात तिथे एकाच बिंदूवर भार येतो आणि जास्त लादलेल्या गाड्यांच्या चासी नेमक्या तिथेच वाकतात. गाडी सरळ दिसायला लागली की चालवणाऱ्याला वाटतं प्रश्न सुटला. मला हा उपाय म्हणूनच आवडत नाही.

उंची १.५८ मीटर

वजन उतरवायला सर्वांत मोठी मदत कोणत्याही साहित्यापेक्षा मालकिणीच्या उंचीनं केली. ती १.५८ मीटर उंच आहे. पहिल्या आराखड्यात पलंग केबिनच्या छपरावर लांबीच्या दिशेनं होता, विकत मिळणाऱ्या कॅम्परमध्ये असतो तसा, आणि त्यासाठी कॅम्परचं केबिनवर येणारं पुढचं नाक १.५ मीटर बाहेर काढलेलं होतं. कॅम्परची बाहेरची रुंदी १.८ मीटर. दोन्ही भिंती वजा केल्या तर आत १.७ उरतात. मग तिनं आडवं झोपायला काय हरकत आहे? दोघांच्या संसारात आडवा पलंग त्रासाचा, कारण आत झोपलेल्याला उठताना दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. एकटीला ही अडचणच नाही. नाक १.५ वरून ०.८ मीटरवर आलं. आत उभं राहायची उंचीही तिच्या मापानं २० सेंटिमीटर कमी केली. पृष्ठभाग २८ वरून २३ चौरस मीटरवर उतरला. विकतच्या कॅम्परला कोणाही गिऱ्हाइकाचं माप धरावं लागतं, घरी बांधणाऱ्याला ती सक्ती नसते. तरीही लोक विकतच्यासारखंच बांधायला जातात, याचं मला नवल वाटतं.

उंची कमी झाल्याचा फायदा वजनापुरता नाही. रिकाम्या पिकअपचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७० मीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.५४ मीटर धरलं, तर ढोबळ गणितानं गाडी कलंडायला गुरुत्वाकर्षणाच्या १.१ पट बाजूचा रेटा लागतो. वर कॅम्पर आणि सामान मिळून ७२८ किलो, त्यांचा मध्य १.३५ मीटरवर, असं धरलं की एकत्रित मध्य ०.८७ वर जातो आणि तोच आकडा ०.८९ वर येतो. प्रत्यक्षात पाटे आणि टायर दबतात, त्यामुळे खरा आकडा याहूनही कमी. म्हणून वहीत वजनाशेजारी आम्ही प्रत्येक वस्तूची जमिनीपासूनची उंचीही लिहायला लागलो. छताजवळची कपाटं त्यातच रद्द झाली.

भिंतींसाठी सँडविच पद्धत घेतली. आत ४ मिलिमीटर प्लाय, मध्ये ४० मिलिमीटर दाट निळा फोम, बाहेर पुन्हा ४ मिलिमीटर प्लाय आणि त्यावर फायबरग्लासचं कापड रेझिनमध्ये भिजवून. चौरस मीटरला सुमारे साडेसात किलो. पातळ प्लाय एकटा लवतो, पण दोन पातळ थर एकमेकांपासून लांब ठेवून मधल्या फोमला पक्के चिकटवले की एका थरात ताण येतो, दुसऱ्यात दाब, आणि पॅनेल ताठ होतं. थरांमधलं अंतर दुप्पट केलं तर ताठपणा जवळजवळ चौपट होतो. यात सगळी भिस्त चिकटवण्यावर. फोम आणि प्लाय यांच्यामध्ये हवा राहिली तर तिथे भिंत म्हणजे दोन पातळ प्लाय, बस्स. तिनं प्रत्येक पॅनेल सपाट जमिनीवर, वर वाळूच्या पोत्यांचा दाब देऊन, एकेक करून चिकटवलं. जिथे बिजागरी, कडी किंवा बोल्ट येणार तिथे फोम काढून आधीच लाकडाचा ठोकळा बसवला. ही यादी पॅनेल बंद करण्याआधी तयार असावी लागते, नंतर भिंतीत ठोकळा घालता येत नाही.

अंदाज ३७० किलोंचा होता. तयार कॅम्पर काट्यावर ४१८ भरला. बहुतेक वाढ रेझिनची. हातानं लावताना कापड नीट भिजलं की नाही याची धास्ती असते, मग माणूस आणखी ओततो. तरी ४३० च्या आत राहिलो.

मागचं ॲक्सल

एकूण वजन २७९३ किलो झालं, मर्यादेच्या १५७ खाली. इथे थांबलो असतो तर अर्धाच हिशोब झाला असता. गाडीला एकूण मर्यादेखेरीज प्रत्येक ॲक्सलची वेगळी मर्यादा असते. या गाडीच्या मागच्या ॲक्सलची १७०० किलो.

मालकिणीनं पाण्याची टाकी, हत्यारं आणि शिधा दाराजवळ, म्हणजे अगदी मागे ठेवायचं ठरवलं होतं. हाताशी पडतं, हे तिचं कारण. त्या मांडणीत, केबिनमधले ७५ सोडून बाकीच्या ३१० किलो सामानाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे जात होता. चाकांच्या दोन जोड्यांमधलं अंतर ३.१ मीटर. ॲक्सलच्या मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं पुढची चाकं उचलतं, म्हणून त्या ३१० किलोंचे मागच्या ॲक्सलवर ३६० झाले आणि पुढच्यावरून ५० उतरले. मागे १६६०, मर्यादेला जेमतेम ४० कमी. पुढची चाकं हलकी झाली की खडीवर स्टिअरिंगला पकड राहत नाही, हा धोका मला आकड्यापेक्षा मोठा वाटला.

टाकी, बॅटरी आणि हत्यारं हौद्याच्या पुढच्या भिंतीला, तळाशी नेली. सामानाचा मध्य ॲक्सलच्या पुढे ४० सेंटिमीटरवर आला. एक किलोही न टाकता मागचं ॲक्सल १५७० वर आणि पुढचं ११३३ वरून १२२३ वर गेलं. बदल्यात पान्यासाठी तिला पलंगाखालची फळी उचलावी लागते. यावर तिची कुरकुर अजून चालू आहे.

टायर बदलताना नवे टायर मागच्या ॲक्सलच्या भारानुसार निवडले आणि हवेचा दाब त्याच हिशोबानं ठरवला.

कॅम्पर गाडीला कसा धरायचा, यावर आमची बरीच चर्चा झाली. पिकअपची केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात, कारण चासीला पिळ पडतो. हौद्यात बसलेला ताठ कॅम्पर आणि केबिन यांना एकमेकांशी घट्ट जोडलं तर काहीतरी फाटणारच. म्हणून कॅम्पर खाली रबराच्या जाड चटईवर बसतो आणि चार कोपऱ्यांना टर्नबकलनं (फिरवून ताणायच्या लोखंडी आकड्यांनी) बांधला जातो. त्यांच्या कड्या हौद्याच्या पत्र्याला न लावता चासीला जोडलेल्या कंसांना लावल्या. पत्र्याला लावल्या तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात पत्रा सोलून निघतो. केबिनचं छप्पर आणि नाक यांच्यात ५ सेंटिमीटर जागा ठेवली होती. एक मागचं चाक आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं पुढचं चाक ठोकळ्यांवर चढवून पिळ दिला, तर ती जागा २ सेंटिमीटरवर आली. धावत्या गाडीला तेवढी पुरणार नाही, म्हणून कॅम्परखाली आणखी ३ सेंटिमीटरची पट्टी घातली.

केबिनमधून थेट मागे जायला वाट हवी, हा तिचा आग्रह मला समजत होता. रात्री दारावर कोणी आलं तर बाहेर न पडता गाडी चालू करून निघता यावं. पण हलणाऱ्या दोन डब्यांमध्ये पाणी न गळणारी लवचीक वाट घरी बनवणं अवघड, शिवाय केबिनची मागची भिंत कापावी लागते. शेवटी तिनं वाट सोडली, पण दुसरं दार मागितलं. पलंगाशेजारी, बाहेर उघडणारी, माणूस निघेल एवढी झडप. आग लागली आणि शेगडी दाराजवळ असली तर हीच वाट उरते. रात्रीच्या मुक्कामाला ती गाडीचं तोंड रस्त्याकडे करून उभी करते, किल्ली झडपेशेजारच्या एकाच खिळ्यावर, आणि बाहेर रात्रभर काहीही मांडून ठेवत नाही.

ओल

एकट्या माणसाला छोटा डबा पुरतो, पण छोट्या डब्यात ओल लवकर साठते. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी बाहेर पडतं, म्हणजे रात्रीत पेलाभर किंवा जास्तच. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते, कारण गॅसमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणीच बनतो. आतली हवा २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांच्या खाली गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. थंडीत खिडकीची काच तर सोडाच, भिंतीतून आरपार गेलेला एखादा बोल्टही त्याहून थंड असतो. अशा बोल्टांची टोकं आतून थेंब गाळतात आणि माणूस छप्पर गळतंय समजून वर सिलिकॉन फासत बसतो.

सिलिकॉनबद्दल माझं मत कडक आहे. एकदा लावलं की त्या जागी नंतर काहीच नीट चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा. खिडक्या-दारांच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट वापरलं. छपराला शक्य तितकी कमी भोकं पाडली. एक पंख्याचं, बस्स. सोलरच्या वायरी बाजूच्या भिंतीतून, खालच्या अंगाला वळण देऊन आत घेतल्या.

पंखा छपरात आणि हवा आत यायला तळाशी जाळीची फट. नुसता पंखा लावून खालची वाट बंद ठेवली तर हवा फिरत नाही. गादीखाली पट्ट्यांचा पलंग केला, कारण सपाट फळीवर ठेवलेली गादी खालून भिजते. हीटर गाडीच्याच डिझेलवर चालणारा घेतला. तो जळणाला लागणारी हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेर सोडतो, त्यामुळे आत येणारी ऊब कोरडी असते. गॅसची शेगडी ऊब घ्यायला पेटवायची नाही, हा नियम तिनं दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक. गॅस गळतीचा अलार्म जमिनीलगत, कार्बन मोनॉक्साइडचा उशाच्या उंचीला. आपल्याला बेशुद्धी येते आहे हे ओळखायला एकट्या माणसाजवळ दुसरं कोणी नसतं.

वीज

दिवसाचा खप मोजला. फ्रिज ४०० वॉट-तास, संगणक आणि फोन २००, पंखा ६०, दिवे आणि पंप ३०. एकूण ६९० च्या आसपास. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तास साठवते, म्हणजे ऊन नसलं तरी दीड दिवस निघतो. तेवढीच वापरता येणारी वीज शिसे-आम्लाच्या बॅटरीत ठेवायची तर वजन चार-पाच पट. २०० वॉटचं पॅनेल बऱ्या उन्हात दिवसाला ६०० देतं. कमी पडतं ते चालत्या इंजिनाकडून ३० अँपिअरच्या चार्जरमधून मिळतं, दोन तासांच्या प्रवासात दिवसभराची भर. विजेवर स्वयंपाक करायचा तर हा सगळा डोलारा दुप्पट होईल, म्हणून तो विचार सोडला.

इंजिनावर वीज बनवणाऱ्या अल्टर्नेटरकडून येणारी वायर ६ चौरस मिलिमीटरची घ्या, असं तिला दुकानात सांगितलं होतं. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, ३० अँपिअर: त्या वायरीत ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. १६ चौरस मिलिमीटर घेतली की हेच नुकसान ०.३३ वर येतं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण तो वायर वाचवायला असतो, आणि फ्यूजच्या अलीकडची वायर वाचवणारं कोणी नसतं. ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. ती आतल्या, इन्सुलेशनच्या बाजूला ठेवली.

रस्त्यावर

काढता येणारा कॅम्पर अनेक देशांत सामान मानला जातो आणि चासीला कायम जोडलेला असला तर गाडीची नोंद बदलावी लागते. नियम देशागणिक वेगळे, त्यामुळे तिनं निघण्याआधी विमा कंपनीला फोटो आणि वजनाची पावती देऊन लेखी उत्तर घेतलं. अपघातानंतर हा प्रश्न उपस्थित झाला तर एकटीनं निस्तरणं फार जड जातं.

पहिल्या लांब टप्प्यानंतर तिनं कळवलेल्या तक्रारी किरकोळ होत्या. खडीवर खण आपोआप उघडतात म्हणून चुंबकाऐवजी उचलून सरकवायच्या कड्या लावल्या. टर्नबकल पहिल्या काही दिवसांत सैल होतात, नंतर रबर दबून बसतं. अॅल्युमिनियमच्या पट्टीला लावलेल्या स्टेनलेस स्क्रूंभोवती पांढरी भुकटी दिसली. दोन वेगळ्या धातूंमध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं. ते स्क्रू काढून खाली नायलॉनचे वॉशर घातले.

काही महिन्यांनी तिनं वाटेतल्या एका काट्यावर गाडी पुन्हा घातली. ४६ किलो वाढले होते आणि त्यांतले बरेचसे पुस्तकं आणि 'कधीतरी लागेल' म्हणून घेतलेले सुटे भाग. पुस्तकं वाटून टाकली. सुटे भाग ठेवलेच, त्यावर तिनं माझं ऐकलं नाही, आणि तिच्या मार्गावर पुढे गॅरेज किती विरळ आहेत ते पाहता मी फार ताणलंही नाही. आता तिला दुसरी बॅटरी हवी आहे. १३ किलो एकूण मर्यादेत सहज बसतात, फक्त हौद्याच्या पुढच्या भिंतीशी जागा शिल्लक नाही. पाण्याची टाकी साठवरून पन्नास लिटरची केली तर होईल का, याचं गणित सध्या चालू आहे.